पऱ्हाटीचा चिमटा आणि तीन खुर्च्यांवरचे प्राध्यापक : एका पेटंटचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण विदर्भाच्या कापूस पट्ट्यातील एका तालुक्याच्या गावी घडले. ओळख पटू नये म्हणून गावाचे, संस्थेचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही, आणि अवजाराचे काही तपशील बदलले आहेत. मी त्याच शिक्षण संस्थेच्या वाणिज्य महाविद्यालयात शिकवतो. यातील निम्म्या चर्चांना मी हजर होतो. उरलेल्या गोष्टी प्राध्यापकांनी माझ्या हाती दिलेल्या कागदांवरून लिहिल्या आहेत. कागद देताना त्यांची अट एकच होती : माझी चूक झाकू नका.

पार्श्वभूमी

प्राध्यापक मूळचे बी.एस्सी.; नंतर एलएल.बी. आणि एलएल.एम. करून संस्थेच्या विधी महाविद्यालयात लागले. सुरुवातीला ते करार आणि मालमत्ता हस्तांतरणाचे कायदे शिकवीत. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली, आणि १० वर्षांच्या आत भारताला औषधांवरही उत्पादन पेटंट (बनवण्याच्या पद्धतीवर नव्हे, खुद्द वस्तूवर) द्यावे लागणार हे स्पष्ट झाले. १९९७ साली डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने जखमेवरील हळदीचे अमेरिकी पेटंट रद्द करून घेतले, तेव्हा प्राध्यापकांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली. ज्या गोष्टीला आजीच्या बटव्यातली म्हणून आपण सोडून देतो, ती पेटंट कार्यालयासमोर सिद्ध करायला छापील कागद लागतो. त्या वेळी नागपुरात पेटंट माहितीचे केंद्र होते. प्राध्यापक शनिवारी सकाळच्या एसटीने तिथे जात आणि शोध कसा घ्यायचा हे शिकत.

पुढची २० वर्षे त्यांनी पेटंट कायदा शिकवला. कर्करोगावरील नेक्साव्हर या औषधाचा २०१२ चा सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला उत्पादनाची मुभा) आणि ग्लिवेक या दुसऱ्या कर्करोगाच्या औषधाबद्दलचा २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हे त्यांचे हातखंडा विषय. मात्र या काळात तालुक्यातून एकही माणूस पेटंटचा प्रश्न घेऊन त्यांच्याकडे आला नाही. ज्याच्यामुळे हे प्रकरण घडले तो वेल्डिंगचे वर्कशॉप चालवणारा कारागीरही आला होता तो दुकानाच्या जागेच्या खरेदीखताविषयी विचारायला.

अवजार

वेचणी संपली की शेतात पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, उभी राहते. ती हाताने उपटणे हे बहुतेक बायांचे काम, आणि तळहाताला चिंध्या गुंडाळूनही फोड येतात. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भात कापसाचे मोठे नुकसान केले, त्यानंतर फरदड (हंगामानंतर तीच झाडे ठेवून घेतलेले जादा पीक) न घेता पऱ्हाटी वेळेवर काढण्याला नवे महत्त्व आले. दांडा दाबून पऱ्हाटी उपटणारे चिमटे आधीही होते. काळ्या ओलसर जमिनीत त्यांचा टेकू रुतायचा आणि मजुराचा अर्धा जोर टेकू बाहेर काढण्यात जायचा.

कारागिराने आधी दातेरी जबड्यांचा एक चिमटा बनवला, त्याचे १४ नग आसपासच्या गावांत विकले आणि जानेवारी २०१९ मध्ये तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात मांडला. प्रदर्शनातही ओल्या मातीच्या वाफ्यात टेकू रुतलाच. चिडून त्याने घरी येऊन सपाट टेकूची पट्टी कापून टाकली आणि जुन्या बॅरलच्या वक्र पत्र्याचा रुंद तुकडा तिच्या जागी जोडला. दांडा दाबला की हा वक्र पाय पाळण्याच्या पायासारखा मागे लोळतो. टेकण्याची जागा बदलत राहते आणि पाय रुतत नाही. फेब्रुवारीत ओळखीच्या दोन शेतकऱ्यांच्या वावरात त्याने तो चालवून पाहिला. संस्थेच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातील एका तरुण व्याख्यात्याने उपटण्याचा जोर मोजून दिला, आणि दांडा सोडताच जबडा आपोआप उघडावा म्हणून एक स्प्रिंग सुचवली.

याच सुमारास नागपूरच्या एका अवजारे बनवणाऱ्या कंपनीचा माणूस प्रदर्शनात फोटो काढून गेल्याचे कळले, आणि खरेदीखताची गोष्ट बाजूला राहून प्राध्यापकांच्या ओसरीवर पेटंटची चर्चा सुरू झाली.

प्रश्न कुठे होता

वरवर पाहता प्रश्न एकच होता : पेटंट मिळेल का? प्रत्यक्षात तीन प्रश्न एकमेकांत गुंतले होते, आणि प्राध्यापकांना सुरुवातीला त्यांतले दोनच दिसले.

पहिला प्रश्न नावीन्याचा : अर्जाआधीच लोकांसमोर आलेल्या वस्तूला नवी म्हणता येत नाही. चिमटा विकून झाला होता, प्रदर्शनातही मांडला होता. पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये प्रदर्शनात मांडलेल्या शोधाला १२ महिन्यांची सवलत आहे खरी, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती. तालुक्याच्या कृषी प्रदर्शनाला ती लागू होण्याचा प्रश्नच नव्हता. "प्रदर्शनात मांडले म्हणजे वर्षभर काही बिघडत नाही" असे कारागिराला कोणीतरी सांगितले होते. असले अर्धे खरे सल्ले आपल्याकडे भरपूर फुकट मिळतात.

दुसरा प्रश्न शोधक कोण हा. ज्या संस्थेच्या विधी महाविद्यालयात प्राध्यापक नोकरीला होते, तीच संस्था अभियांत्रिकी महाविद्यालयही चालवत होती. महाविद्यालयाच्या मूल्यांकनात पेटंटची संख्या मोजली जाते, त्यामुळे संस्थेतून निरोप आला की अर्ज महाविद्यालयाच्या नावाने करावा आणि शोधक म्हणून कारागिरासोबत व्याख्याता, विभागप्रमुख आणि प्राचार्य अशी नावे घालावीत.

तिसरा प्रश्न प्राध्यापकांचा स्वतःचा होता. ते कारागिराचे सल्लागार होते, संस्थेचे नोकर होते, आणि संस्थेच्या नव्याने स्थापन होणाऱ्या बौद्धिक संपदा कक्षाचे प्रमुख म्हणून त्यांचेच नाव चर्चेत होते. या तिसऱ्या प्रश्नाला प्रश्न म्हणायला त्यांना चार वर्षे लागली.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय संपूर्ण चिमट्यावर अर्ज करण्याचा. असा अर्ज दिसायला भारदस्त होतो आणि कारागिराचीही तीच इच्छा होती. पण विकलेल्या १४ नगांची माहिती कोणीही, अगदी फोटो काढून गेलेली कंपनीसुद्धा, मंजुरीपूर्व विरोधाच्या अर्जात मांडू शकली असती.

दुसरा पर्याय प्रदर्शनानंतर जे नवे घडले तेवढ्यावरच दावा करण्याचा : वक्र पाय, स्प्रिंग आणि त्यांचे एकत्र काम. दोन वावरांतल्या चाचण्यांचे काय, हा प्रश्न इथेही होताच. कलम ३२ प्रमाणे अर्जाच्या आधीच्या वर्षभरात केवळ वाजवी चाचणीसाठी अर्जदाराने शोध सर्वांदेखत वापरला, आणि शोधाचे स्वरूपच असे असेल की चाचणी उघड्यावर करणे आवश्यक होते, तर नावीन्य जात नाही. पऱ्हाटी उपटण्याची चाचणी बंद खोलीत होत नाही, हे पटवणे अवघड नव्हते. प्राध्यापकांनी दोन्ही शेतकऱ्यांकडून त्याच आठवड्यात लिहून घेतले की अवजार विकत घेतले नाही, भाडे दिले नाही, केवळ चालवून पाहिले. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत हुशारीचा कागद, आणि तो वहीच्या फाडलेल्या पानावर आहे.

डिझाइन नोंदणीचाही विचार झाला, पण डिझाइन नोंदणी दिसण्याला संरक्षण देते आणि इथे किंमत कामाची होती. पेटंटच्या फंदात न पडता शक्य तितके नग बनवून विकावेत हा चौथा पर्याय कारागिराच्या बायकोचा होता. दुकानाचा हिशेब तीच सांभाळत असे. कोणीही तो पर्याय गंभीरपणे तपासला नाही, आणि मागे वळून पाहता तो तपासायला हवा होता.

चर्चेत चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांचे उदाहरण वारंवार निघे. एचएमटी हा तांदूळ त्यांनी आपल्या धानात निवडून काढला, तो दूरवर पोहोचला, मानसन्मान झाले, पण २०१८ साली त्यांचे निधन झाले तेव्हा आर्थिक ओढाताण संपलेली नव्हती. वाण आणि अवजार यांचे कायदे वेगळे आहेत. वाणाला पेटंट मिळत नाही, त्यासाठी २००१ चा वाण संरक्षण कायदा आहे. तरी कारागिराला या उदाहरणातून जे घ्यायचे ते त्याने बरोबर घेतले : नाव होण्याने घर चालत नाही.

काय केले

दुसरा पर्याय ठरला. पूर्णवेळ प्राध्यापकाला वकिली करता येत नसल्याने अर्जाचे काम नागपूरच्या एका नोंदणीकृत पेटंट एजंटकडे दिले आणि मार्च २०१९ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयात प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक, अर्ज गेला.

शोधकाच्या नावांचा निर्णय त्याआधी घ्यावा लागला. प्राध्यापकांनी कोऱ्या कागदावर दाव्यांची यादी केली आणि प्रत्येक दाव्यासमोर ती कल्पना प्रथम कोणी मांडली ते लिहिले. वक्र पायासमोर कारागीर, स्प्रिंगसमोर व्याख्याता. विभागप्रमुख आणि प्राचार्य यांच्यासमोर लिहिण्यासारखे काही नव्हते. जोर मोजणे, चित्र काढणे किंवा प्रयोगशाळा वापरू देणे यामुळे कोणी शोधक ठरत नाही, हे त्यांनी संस्थेला लेखी कळवले. कर्मचाऱ्याच्या शोधावर मालकी कोणाची याबद्दल आपला पेटंट कायदा काही सांगत नाही. ते नेमणुकीच्या करारावर अवलंबून असते, आणि व्याख्यात्याच्या नेमणूकपत्रात त्याविषयी अक्षर नव्हते. शिवाय शुल्काचा व्यवहारी मुद्दा होता. तेव्हाच्या नियमांप्रमाणे व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास १,६०० रुपये आणि परीक्षणाचे ४,००० रुपये लागत. महाविद्यालय सहअर्जदार झाले की तेच अनुक्रमे ८,००० आणि २०,००० झाले असते. शैक्षणिक संस्थांना सवलत मिळाली ती सप्टेंबर २०२१ पासून. तत्त्वाच्या मुद्द्यावर ताणून धरलेली मंडळी या मुद्द्यावर लगेच नरमली. व्याख्यात्याचे नाव शोधक म्हणून आले, त्याने रॉयल्टीच्या १५ टक्के हिश्श्याच्या बदल्यात आपला हक्क लेखी करारान्वये कारागिराकडे दिला, आणि महाविद्यालयाने 'आमचा दावा नाही' असे पत्र दिले. बौद्धिक संपदा कक्षाचे प्रमुखपद मात्र दुसऱ्याच प्राध्यापकांना गेले.

संपूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचे सविस्तर वर्णन, लिहिताना एक प्रसंग घडला, तो मी पाहिला आहे. शोध अमलात आणण्याची अर्जदाराला माहीत असलेली उत्तम पद्धत स्पेसिफिकेशनमध्ये सांगावी लागते. कारागीर जबड्याचे दाते ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून करत असे आणि भट्टीत तापवून त्यांना पाणी देत असे, म्हणजे एकदम थंड करून टणक करत असे. एजंटला तापमान हवे होते. तेलाच्या उपड्या डब्यावर बसलेल्या प्राध्यापकांनी वही उघडून विचारले, किती तापवतोस? कारागिराने चिमट्यात धरलेला दाता भट्टीतून काढला, डोळे बारीक करून पाहिला, परत आत घातला आणि म्हणाला, "पळसाच्या फुलावानी झाला का काढाचा." प्राध्यापकांनी तसेच लिहून घेतले. दोन दिवसांनी व्याख्यात्याने तापमापक आणला, आकडा ८५० अंशांच्या आसपास निघाला आणि अर्जात तोच गेला. वहीत मात्र अजून पळसाचे फूलच आहे.

संपूर्ण अर्ज फेब्रुवारी २०२० मध्ये गेला. प्रोव्हिजनल अर्जानंतरची १२ महिन्यांची मुदत मार्चमध्ये संपत होती आणि एजंट शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबायला तयार होता. प्राध्यापकांनी घाई केली म्हणून टाळेबंदीच्या आधी ते काम उरकले.

पहिल्या परीक्षण अहवालात अपेक्षित हरकत आली. कलम ३(एफ) प्रमाणे माहीत असलेल्या, आपापले काम स्वतंत्रपणे करणाऱ्या वस्तूंची नुसती जुळणी हा शोध नव्हे. जबडा, टेकू आणि स्प्रिंग तिन्ही माहीत असलेले आहेत. उत्तर व्याख्यात्याच्या मोजमापांतून मिळाले. दांडा दाबायला सुरुवात होते तेव्हा वक्र पाय झाडाच्या जवळ टेकलेला असतो, म्हणून मुळांची पकड घट्ट असताना जोर जास्त मिळतो. पाय मागे लोळतो तसा जोर कमी होऊन उचल वाढते, आणि त्याच हालचालीच्या शेवटी स्प्रिंग जबडा उघडते. म्हणजे भाग स्वतंत्रपणे काम करत नाहीत. व्हिडिओवर सुनावणी झाली, दावे आणखी थोडे आकुंचित करावे लागले, आणि जानेवारी २०२२ मध्ये पेटंट मंजूर झाले.

परवान्याचा करार

इथपर्यंत प्राध्यापकांनी जे केले ते पाठ्यपुस्तकात घालावे असे होते. चूक पुढे झाली.

प्रदर्शनात फोटो काढून गेलेलीच कंपनी परवाना मागायला आली. तिला पाच वर्षांचा एकाधिकार परवाना हवा होता. कारखान्याच्या दारावरील किमतीच्या ४ टक्के रॉयल्टी आणि एकरकमी १ लाख रुपये असा प्रस्ताव होता. कारागिराच्या हातात एकाच वेळी १ लाख रुपये तोवर कधी आले नव्हते. प्राध्यापकांनी मसुदा तपासला, विवाद निवारणाचे कलम सुधारले, कायद्याला लागते तशी लेखी नोंद पेटंट कार्यालयात होईल याची खातरी केली आणि मसुदा योग्य असल्याचे सांगितले.

कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे एकाधिकार परवाना इतर सर्वांना वगळतो, आणि त्या सर्वांमध्ये पेटंटधारकही येतो. ही व्याख्या प्राध्यापक दरवर्षी फळ्यावर लिहीत असत. तरीही कारागिराने आपल्याच भट्टीवर आपलाच चिमटा बनवणे या करारानंतर बेकायदेशीर ठरेल, हे त्या संध्याकाळी कोणाच्या डोक्यात आले नाही. दरवर्षी किमान किती नग बनवायचे किंवा किमान किती रक्कम द्यायची याचेही कलम करारात नव्हते, आणि हिशेब कधी द्यायचा तेही नव्हते.

पहिल्या हंगामात कंपनीने ६२ नग बनवले. सप्टेंबर २०२३ मध्ये पेटंट देशात वापरात असल्याचे विवरण, म्हणजे फॉर्म २७, भरायची वेळ आली तेव्हा हा आकडा कळला. तोवर कोणी विचारले नव्हते आणि कंपनीने सांगितले नव्हते. पॉवर टिलरच्या जोडयंत्रात कंपनीला जास्त नफा होता, त्यामुळे पुढच्या हंगामासाठी चिमट्याचे उत्पादनच तिने धरले नव्हते. दरम्यान आसपासच्या गावांतून लोक कारागिराकडे चिमटा मागायला येत आणि तो त्यांना परत पाठवत असे.

दिवाळीत कारागिराची बायको फराळाचा डबा घेऊन प्राध्यापकांकडे आली आणि तिने सरळ विचारले, "सर, तुमी नेमके कोनाच्या बाजूचे?" तिला असे कळले होते की कंपनीने संस्थेच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला प्रयोगशाळेसाठी यंत्रे देण्याचे कबूल केले आहे आणि ती बोलणीही प्राध्यापकांच्या ओळखीतून झाली आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. कंपनीच्या मालकाची प्राचार्यांशी गाठ त्यांनीच घालून दिली होती, अगदी सद्हेतूने, कराराच्या आदल्या महिन्यात. त्यांनी स्वतः एक रुपयाही घेतला नव्हता आणि करार सौम्य करण्याचा विचारही त्यांच्या मनात आला नव्हता, यावर माझा विश्वास आहे. पण कंपनीला दुखवू नये असे वाटण्याचे कारण त्यांच्याकडे होते आणि ते त्यांनी कारागिराला सांगितले नव्हते.

दुरुस्ती आणि परिणाम

करार मोडायला कायदेशीर आधार कमजोर होता, कारण कंपनीने कराराचा भंग केलाच नव्हता. सक्तीच्या परवान्याची तरतूद मंजुरीनंतर ३ वर्षांनी लागू होते आणि ती या प्रकरणाला फारच जड होती. हुकमाचा पत्ता अनपेक्षित बाजूने हाती आला. कंपनीने बनवलेल्या ६२ नगांपैकी बऱ्याच नगांचे दाते पहिल्याच हंगामात झिजले किंवा तडकले होते. पोलाद तेच, तापमान तेच, पण पाणी देण्याचा हात नव्हता. विक्रेत्यांच्या तक्रारी येत होत्या आणि कंपनीला कारागिराची मदत हवी होती.

या वेळी प्राध्यापकांनी वाटाघाटीला बसायला नकार दिला. त्यांनी यवतमाळच्या एका वकिलाकडे प्रकरण सोपवले, शुल्क कारागिरानेच द्यावे असा आग्रह धरला आणि आपला संस्थेशी व कंपनीशी काय संबंध आहे ते एका पानावर लिहून कारागिराला वाचून दाखवले. २०२४ च्या उन्हाळ्यात करार दुरुस्त झाला. एकाधिकार राहिला, पण कारागिराला दोन जिल्ह्यांत स्वतः बनवून विकण्याची मुभा मिळाली; वर्षाला किमान ३०,००० रुपये ठरले; दर तिमाहीला हिशेब ठरला; आणि दात्यांना पाणी देण्याचे काम दर नगामागे वेगळ्या मजुरीवर त्याच्याकडे आले. या मजुरीतून त्याला रॉयल्टीपेक्षा जास्त मिळते. व्याख्यात्याला त्याचा १५ टक्के हिस्सा रॉयल्टीतून मिळतो. तो लहान आहे, पण वेळेवर येतो.

वेगळे काय करता आले असते

तांत्रिक बाजूने प्रदर्शनाआधी १,६०० रुपयांचा प्रोव्हिजनल अर्ज गेला असता तर पूर्ण चिमट्यावर दावा करता आला असता, हे उघड आहे. मला ते फारसे महत्त्वाचे वाटत नाही. अरुंद दावा टिकला, आणि रुंद दावा विरोधात कोसळला असता तर हाती काहीच उरले नसते.

परवान्याच्या बाबतीत बायकोचा चौथा पर्याय आकड्यांनिशी तपासला असता तर गावात मागणी किती आहे हे करारापूर्वीच कळले असते, आणि स्वतः विकण्याचा हक्क राखून ठेवणे सुचले असते. तिला चर्चेला बोलावले गेले नाही. ती चहा देऊन आत जात असे.

प्राध्यापकांच्या भूमिकेबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. त्यांचे म्हणणे असे की तालुक्यात पेटंट समजणारा दुसरा माणूस नसताना त्यांनी बाजूला होणे म्हणजे कारागिराला वाऱ्यावर सोडणे होते. मला वाटते, अर्जापर्यंत हे म्हणणे बरोबर आहे. पैशांची बोलणी सुरू झाली त्या दिवशी त्यांनी ते एक पान लिहायला हवे होते, आणि तेव्हा लिहिले असते तर कारागिराने कदाचित त्यांनाच बसवून ठेवले असते. हा मजकूर वाचल्यावर त्यांनी समासात पेन्सिलीने एवढेच लिहिले : "कदाचित नाही, नक्की. पण तिने नसते ठेवले."

निवृत्तीनंतर ते आठवड्यातून दोन दिवस त्याच ओसरीवर बसतात. येणाऱ्याला आधी एक छापील कागद भरायला देतात. त्यात पहिला प्रश्न आहे की वस्तू आजवर कोणाकोणाला दाखवली, आणि दुसरा, घरचा हिशेब कोण ठेवते. ते माणूस सोबत आले नसेल तर ते पुढची तारीख देतात.